उजव्या पंखाची पिसं

"तू नको घेऊस," हेमांगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "हे मी घेते. तुला घरचं जुनं देते."

पुण्यातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात आम्ही दोघी उभ्या होतो आणि काउंटरवर दोन जिग मांडलेली होती. बाणाच्या शेपटाला पिसं चिकटवताना बाण आणि पीस जागच्या जागी धरून ठेवणारं साधन म्हणजे जिग. एक होतं प्लास्टिकचं, तीन हातांचं. तिन्ही पिसं एकदम लावायची, हात मिटायचे, पाच मिनिटांत बाण तयार. दुसरं धातूचं, चांगलं वजनदार, त्याला एकच चिमटा. एक पीस लावा, वाळू द्या, बाण फिरवा, मग दुसरं. एका बाणाला पाऊण तास.

"बाणाचं कसंय, घाई असेल तर हे न्या," दुकानदार प्लास्टिकच्या जिगवर बोट ठेवून म्हणाला, "आणि नेम लागायला हवा असेल तर ते न्या."

हेमांगीने प्लास्टिकचं उचललं. तिच्या घरी जे जुनं होतं ते धातूचंच होतं, अगदी याच बनावटीचं. म्हणजे चांगलं मला देऊन ही हलकं स्वतःला घेत होती. का?

मी फलटणची, उर्मिला शेडगे. आज भूमी अभिलेखात आहे आणि समोर आलेला प्रत्येक नकाशा आधी उन्हात धरून बघते, असं ऑफिसातले म्हणतात. खरं आहे ते. पण हा गुण नोकरीने दिलेला नाही. तो आमच्या घरातच होता. दूधवाल्याने आपणहून माप जरा जास्त घातलं तर आई दोन दिवस दुधाचा वास घेत बसायची.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि धुमाळ सरांच्या हाताखाली इंडियन राउंड खेळत होते. म्हणजे बांबूचं धनुष्य, लाकडी बाण आणि खऱ्या पक्ष्याची पिसं. जिल्ह्याच्या मुलींच्या संघात चार जागा. तीन जणी ठरल्यासारख्याच होत्या. चौथी जागा माझी की हेमांगी क्षीरसागरची, एवढंच राहिलं होतं. संघात गेलं की राज्य स्पर्धा, तिथून जमलं तर राष्ट्रीय, आणि त्या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या कोट्यातली सरकारी नोकरी. वडील गेल्यापासून आई ब्लाउज शिवून घर चालवत होती. मला ती चौथी जागा हवी होती. हेमांगीलाही हवीच होती, पण तिने ते कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

तोवर आमचे बाण सरच तयार करून द्यायचे; हेमांगी तेवढी अधूनमधून घरी एखादा लावायची. त्या वर्षी त्यांचा हात फ्रॅक्चर झाला आणि त्यांनी जाहीर केलं, "इथून पुढं आपापली पिसं आपापल्या घरी लावायची. किती दिवस मी तुमच्या वेण्या घालू?" म्हणून आम्ही पुण्याला गेलो होतो. निवड चाचणीला अकरा दिवस होते.

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, "तुझं चांगलं असताना नवीन कशाला घेतलंस?"

"मला वेळ कुठंय गं? सकाळी मैदान, दुपारी कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. पाऊण तास एका बाणाला कोण बसणार? तू घरी असतेस, तुला जमेल."

"आणि माझे चांगले झाले तर?"

ती हसली. "झाले तर झाले. मग मला जरा नीट मारावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तिने ते जिग फडक्यात गुंडाळून आणून दिलं. देताना एकच सांगितलं. बाजूला एक पितळी स्क्रू होता. तो फिरवला की चिमट्याचा तिरपेपणा बदलायचा. "याला हात लावू नकोस हां. सरांनी बसवून दिलाय."

ती गेल्यावर आई शिलाई मशीनवरून उठली. जिग हातात घेऊन तिने खालून-वरून पाहिलं.

"ही कशापायी देतीय तुला?"

"वेळ नाही म्हणते."

"आणि तुला दिलं म्हंजी तिचं नुकसान न्हाई का? एकच जागा हाय न्हवं?"

"तेच तर."

"मग नीट बघून घे बाई. लोक फुकट काय देत न्हाईत."

माझ्या मनात पाल चुकचुकतच होती, आईने तिला खुराक दिला. मी जिग खिडकीत नेलं आणि पाहिलं तर तो पितळी स्क्रू मधोमध नव्हता. एका बाजूला चांगला दोन आटे कललेला होता. "हात लावू नकोस" म्हणाली होती ती. का बरं लावू नको?

आता माझ्या पिसांचं सांगायला हवं. क्लबात सगळ्यांची पिसं सरांच्या डब्यातली असायची. पण माझा मामा लष्करात होता, त्याने रांचीहून मला टर्की पक्ष्याच्या पिसांचं अख्खं पाकीट आणून दिलं होतं. लांब, भरदार, करकरीत पिसं. तिकडचे धनुर्धर हीच वापरतात, तो म्हणाला होता. मी ते पाकीट कुणाला दाखवलं नाही. सरांनासुद्धा नाही. दाखवलं असतं तर सगळ्यांनी मागितली असती, हेमांगीने पहिली. ही पिसं आपल्या एकटीकडे असावीत असं मला वाटत होतं.

त्या दुपारी मी पहिलं पीस चिमट्यात धरलं, त्याच्या देठाला गोंद लावला आणि बाणाला टेकवलं. पंधरा मिनिटांनी चिमटा काढला. पीस मध्ये चिकटलं होतं आणि मागचं टोक बाणापासून सुटून वर आलं होतं. मी ते खरवडून काढलं, दुसरं लावलं. तेही तसंच. तिसऱ्याच्या वेळी मी चिमटा अर्धा तास दाबून धरला. सोडल्याबरोबर टोक वर.

"बघ," मी आईला म्हणाले. "मुद्दाम वाकडं करून दिलंय."

"म्या म्हनलंच हुतं," आई म्हणाली. तिला आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान झालं असावं, कारण ती लगेच पुन्हा मशीनवर बसली.

दुसरी कुणी असती तर उठून हेमांगीकडे गेली असती, तिला बाण दाखवला असता, विचारलं असतं. मी गेले नाही. विचारायला गेलं तर ती सावध होणार, शिवाय माझी पिसं बघणार. मी ठरवलं, आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही. आणि मी तो स्क्रू फिरवला. आधी मधोमध आणला. पीस जरा बरं बसलं, तरी टोक उचललेलंच. मग तसाच पुढे, पलीकडच्या बाजूला दोन आटे नेला. आता पीस देठापासून टोकापर्यंत असं गच्च बसलं की नख घालायला जागा नाही.

मला एवढा आनंद झाला! तिचा डाव ओळखला होता आणि उलटवलाही होता. पाच दिवस बसून मी बारा बाण तयार केले. ते सरळ गेले, गोल फिरत गेले, पन्नास मीटरवर एकमेकांना चिकटून बसले. सरावाला मात्र मी ते नेत नव्हते. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन, मारून, परत पिशवीत. मैदानावर सगळ्यांसमोर जुनेच बाण काढायचे.

"जिग कसं चाललंय?" हेमांगीने एकदा विचारलं.

"ठीक."

"पिसं नीट बसतात ना?"

ही विचारते कशी बघा, मला वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. "अगदी मस्त," मी म्हणाले आणि तिचा चेहरा निरखून पाहिला. ती निराश झाल्यासारखी अजिबात दिसली नाही. तेव्हा मी मनात म्हटलं, पक्की आहे.

चाचणीच्या दोन दिवस आधी दुपारी हेमांगी सायकल मारत आमच्या दारात आली. घामाघूम झाली होती.

"उर्मे, एक काम होतं. त्या नव्या जिगचा हातच तुटला. प्लास्टिक ते. आणि काल माझ्या चार बाणांची पिसं गेली, एकात एक घुसले. माझ्याकडं सगळे मिळून आठच बाण आहेत. एका दिवसापुरतं जिग देतेस? परवा सकाळी मैदानावर आणून देते."

मी दारातच उभी होते. माझे बाण आतल्या खोलीत कॉटवर मांडलेले होते. ते दिसू नयेत म्हणून मी दार ओढून घेतलं.

"दे की," आई मागून म्हणाली. तिला ते जिग घरातून गेलेलं हवंच होतं.

"तुझे बाण दाखव ना," हेमांगी म्हणाली. "कसे झालेत बघू तरी."

"सरांकडे आहेत," मी म्हणाले.

मी आत गेले, जिग उचललं. स्क्रू माझ्या बाजूला होता, तिच्या बाजूपासून पुरते चार आटे दूर. फिरवून पूर्वीसारखा करायला किती वेळ लागला असता? अर्धं मिनिट. मी बोट ठेवलंसुद्धा त्याच्यावर. मग वाटलं, का? जिग वाकडं होतं ते मी सरळ केलं. सरळ केलेलंच तिला देतेय, त्यात काय वाईट? आणि खरंच तिने मला वाकडं दिलं असेल तर परत घेताना ती आधी स्क्रू बघेल. बघेल आणि विचारेल. विचारलं की सांगेन.

माझ्या डोक्यात हे एवढं सगळं झालं. म्हणजे मला काहीच कळत नव्हतं असं मी आज म्हणू शकत नाही.

मी जिग फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिलं. तिने फडकं सोडूनही पाहिलं नाही. कॅरियरला बांधलं, "देव भलं करो तुझं" असं नाटकी आवाजात म्हणाली आणि शिकवणीला उशीर झाला म्हणून गेली.

चाचणी आमच्याच मैदानावर होती. आधी पन्नास मीटर, एका वेळी सहा बाण. माझे बाण सुरेख जात होते. चार-पाच जणींच्या पलीकडे हेमांगी उभी होती आणि माझं निम्मं लक्ष तिच्याकडे होतं. तिचे चार बाण जुने, चार नव्या पिसांचे. जुने जात होते नेहमीसारखे. नवे सुटले की शेपूट हलवत जात, एक डावीकडे, एक खाली, एक तर टार्गेटच्या कडेला. दुसऱ्या खेपेनंतर तिने बाण हातात घेऊन पाहिले. एका पिसाचं मागचं टोक वर आलं होतं. तिने ते अंगठ्याने दाबलं, थुंकी लावून दाबलं. पण सहा बाण मारायचे तर त्यातले दोन तरी घ्यावेच लागत होते.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आपल्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तीच पडली असं मला वाटलं, आणि मी पुढचा बाण मधल्या पिवळ्यात मारला.

मग तीस मीटर झालं. तिथे एका वेळी तीनच बाण मारायचे असतात. हेमांगीने ते चार बाण बाजूला ठेवले आणि जुन्या चारांतून तीन-तीन मारत राहिली. अशी हेमांगी मी आधी पाहिली नव्हती. ती एकेक गुण परत खेचून आणत होती. शेवटच्या खेपेला सगळं मैदान तिच्या मागे उभं राहिलं होतं. तिचे पाचशे सदतीस झाले. माझे पाचशे एक्केचाळीस.

सरांनी चौथं नाव माझं वाचलं. हेमांगीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या. जिग परत द्यायचं ती विसरली होती आणि मीही मागितलं नाही.

सगळे पांगल्यावर सर माझ्याजवळ आले. त्यांनी माझा एक बाण घेतला, डोळ्यासमोर धरला.

"ही पिसं कुठली गं?"

आता लपवायचं काही कारण उरलं नव्हतं. "मामांनी रांचीहून आणली."

"डाव्या पंखाची आहेत."

"म्हणजे?"

"पिसं लावलीस आणि माहीत नाही?" सर हसले. "पक्ष्याला दोन पंख असतात ना? डाव्या पंखाचं पीस एका अंगाला वळतं, उजव्याचं दुसऱ्या. माझ्या डब्यात सगळी उजव्या पंखाची. म्हणून तुला कधी फरक कळला नाही." त्यांनी बाण बोटांत फिरवला. "हेमांगीनं तुला दिलेलं जिग मी तिला समजावून उजव्यासाठी बसवलं होतं. त्याच्यावर ही बसायची नाहीत, टोक उचलणार. तू स्क्रू पलीकडं नेलास वाटतं?"

"हो," मी म्हणाले.

"शाबास. डोकं आहे."

त्यांना एवढंच दिसत होतं. हेमांगीने ते जिग परत नेलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि ते गेले. मी तिथेच टार्गेटच्या सावलीत बसले. जिग वाकडं नव्हतं. ती "हात लावू नकोस" म्हणाली ते माझ्याच भल्यासाठी. "पिसं नीट बसतात ना" हेही तिने काळजीने विचारलं होतं. आणि मी माझी पिसं एकदा, फक्त एकदा तिच्यासमोर धरली असती, तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं, अगं वेडे, ही डाव्या पंखाची.

यादी तालुक्यातून जिल्ह्याला सोमवारी जाणार होती. तोपर्यंत सर नाव बदलू शकत होते. चाचणीच्या दिवसाची, शनिवारची रात्र मी कशी काढली ते मला आठवतं. रविवारी सकाळी मी आईला काही न सांगता हेमांगीच्या घरी गेले. सांगून टाकायचं असं पक्कं ठरवून गेले होते. वाटेत वाक्यसुद्धा तयार केलं होतं: "हेमे, स्क्रू मी फिरवला होता आणि तुला सांगितलं नाही."

तिचे वडील, अप्पा, ओट्यावर पंखा उघडून बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. घरात एकही वस्तू अशी नव्हती जी त्यांनी एकदा तरी खोलून पुन्हा आवळली नव्हती.

"या, या, खेळाडू!" ते म्हणाले. "हेमे, उर्मिला आली बघ. पोहे टाक."

हेमांगी बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण हसत होती. माझ्या शेजारी ओट्यावर बसली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"काल घरी येऊन जिग बघितलं. स्क्रू पार पलीकडच्या टोकाला. मी त्या दिवशी घाईत बघितलाच नाही, लाइट पण गेले होते. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती, हातातली ओढणी पिळत. "तू फिरवला होतास का?"

तिने एवढं विचारलं आणि मला चौथी जागा दिसली. राज्य स्पर्धा दिसली. मशीनवर वाकलेली आईची पाठ दिसली. वाटेत तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं.

"नाही," मी म्हणाले. "मी हातसुद्धा लावला नाही. तूच सांगितलं होतंस ना, लावू नको म्हणून."

तिने एकदम सुस्कारा सोडला. रडायलाच लागली.

"मला माहीत होतं गं. मला माहीत होतं. तरी रात्रभर तुझ्याबद्दल काय काय विचार केला मी. आईला पण बोलले. लाज वाटते मला."

अप्पांनी पंख्यावरून मान वर केली. पान्हा हातातच होता.

"माझाच हात लागला आसंल," ते हळू आवाजात म्हणाले. "ते फडकं सोडून ठिवलं हुतं टेबलावर. म्या बघितलं हुतं ते. आवळलं का न्हाई, आठवत न्हाई बघ. पर मला खोडच हाय ती." ते लेकीकडे बघत होते. "माझ्यामुळंच गेलं तुझं, पोरी."

"जाऊ द्या हो अप्पा," हेमांगी म्हणाली. "तुम्ही काय मुद्दाम केलं का?"

मग ती माझ्याकडे वळली. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे हात ओले होते.

"उर्मे, माफ कर मला. तुझ्यावर संशय घेतला मी."

"असू दे," मी म्हणाले, आणि तिला माफ केलं.